तीन बोटं, चार ओळी

पियानो मी किलोच्या भावाने घेतला. बोईसरच्या एमआयडीसीत कापड रंगवणारी एक कंपनी बंद पडली होती आणि तिचं गेस्टहाउस रिकामं करायचं होतं. पलंग, एसी, फ्रिज, भांडी, सगळं एकगठ्ठा. एका खोलीत भिंतीला लागून हा काळा लांबट, विजेवर चालणारा प्रकार उभा होता. कंपनीचा माणूस त्याचा वेगळा भाव सांगायला तोंड उघडतो आहे असं दिसलं तेव्हा मी विचारलं, "यात लाकूड जास्त की लोखंड? लाकूड असेल तर माझ्या कामाचं नाही, इथेच राहू द्या." तो गप्प झाला. टेम्पोत सगळ्यात शेवटी पियानो चढला, गाद्यांवर आडवा.

गोडाऊनच्या ऑफिसात तो भिंतीला लावला आणि त्याच दिवशी त्याच्या मागच्या सगळ्या भोकांत ग्रीस भरलं. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला मी ग्रीस लावतो. आमच्याकडच्या हवेत तांबं टिकत नाही. एका अंगाने समुद्राचा खारा वारा, दुसऱ्या अंगाने कारखान्यांचा. माझं बालपण सातपाटीत गेलं. वडील होडीवर जायच्या आधी इंजिनच्या बॅटरीला बोटाने ग्रीस फासायचे आणि ग्रीसचं बोट माझ्या पायाला पुसायचे. मासळी सोडून मी भंगारात आलो, पण ग्रीसचा डबा बरोबर आला.

पियानोला गिऱ्हाईक मिळालं नाही. पाहायला येणारे एक-दोन पट्ट्या दाबत, हसत आणि भाव विचारायच्या आत निघून जात. मग त्याच्यावर चलनांच्या फायली ठेवायला लागलो.

माझ्या उजव्या हाताचं त्या सुमारास सुरू झालं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. धंद्यात माणसाचा गुडघा दुखतो हे कळलं तरी समोरचा भाव पाडतो.

माझा धंदा रुमालावर चालतो. आता नवीन पोरं व्हॉट्सअॅपवर आकडे टाकतात, पण आम्ही काही जुने लोक अजून रुमालाखाली भाव करतो. मी हे सुक्या मासळीच्या व्यापाऱ्यांकडे शिकलो. चार माणसं भोवती उभी असतात, त्यांना भाव कळू द्यायचा नसतो. दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल टाकायचा. समोरच्याच्या तळहातावर जितकी बोटं टेकवली तितका भाव. पहिल्या बोटापासून मोजायचं, करंगळी म्हणजे चार. अंगठा म्हणजे अर्धा. एका बोटाचे किती, ते मालावर ठरतं आणि दोघांना आधीच ठाऊक असतं. तो त्याच्या बोटांनी उत्तर देतो, मी परत देतो, दोघांची बोटं सारखी झाली की रुमाल काढायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. रुमाल निघाला की भाव फिरत नाही. डावा हात कोणी देत नाही. दिला तर समोरचा उठून जाईल.

त्या बंद कंपनीचं गेस्टहाउस मी घेतलं तसं तिची मशिनरी माझ्या जुन्या जोडीदाराने घेतली होती. मी सातपाटीचा, तो शिरगावचा. सरावलीच्या चाळींतून पत्र्याचे डबे आणि फुटक्या बादल्या गोळा करताना आमची हातगाडी एकच होती. पुढे गोडाऊनं वेगळी झाली, व्यवहार राहिला. पावती कधी केली नाही. त्याच्याकडे कापड रंगवायची स्टीलची मोठी भांडी आली होती, आत माणूस उभा राहील एवढी. ती मला हवी होती.

त्याच्या गोडाऊनच्या दारात आम्ही रुमाल टाकला. भोवती पाच-सहा व्यापारी होते. मी तीन बोटं टेकवली. त्याने जरा वेळ घेतला, मग मान हलवली आणि माझ्या तळहातावर तेवढीच टेकवली. मला तीन लागली. रुमाल निघाला. त्याने आपल्या वजनकाट्यावरच्या माणसाला सांगितलं, "चार लाव."

"तीन," मी म्हटलं.

"चार दिलेस तू. मी चार बोललो. रुमाल निघाला."

त्यानंतर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बापापर्यंत गेलो. त्याचा रुमाल चिखलात फेकला. तो काही बोलायला बघत होता, पण मी बोलू दिलं नाही. रुमाल निघाल्यावर भाव फिरत नाही हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून माल चारनेच उचलला. भांडी माझ्या गोडाऊनच्या अंगणात आणून उभी केली आणि विकली नाहीत. गिऱ्हाइकं आली, त्यांना परत पाठवलं. सकाळी आल्याबरोबर ती दिसावीत एवढ्यासाठी ठेवली होती. एका ताटात जेवलेल्या माणसाने चारचौघांत एका बोटासाठी मला फसवलं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याच्या मुलाचं लग्न झालं, आमच्याकडे पत्रिका आली नाही. सुरुवातीला मी रोज मनात त्याच्याशी भांडायचो. पुढे तेही बंद झालं. राग होता, पण त्या दोन बोटांसारखा. आहे हे माहीत, लागत काही नाही.

हात गेला आहे हे मला कळलं ते शर्टाचं बटण लागेना तेव्हा. बायकोने बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पालघरला डॉक्टरकडे नेलं. काट्याच्या केबिनमध्ये लोखंडी टेबल आहे. त्यावर उजवं कोपर टेकवून, फोन कानाला लावून मी अख्खा धंदा उभा केला. डॉक्टर म्हणाले, त्या टेबलाने कोपरातली नस दाबली गेली. ऑपरेशन करून मोकळी करता येईल.

"ताकद येईल," ते म्हणाले.

"आणि कळायला लागेल?"

"ते सांगता येत नाही. येईल, थोडं येईल, कदाचित नाहीही येणार."

"अंदाजे सांगा ना."

"हा काय बाजार आहे का?"

"मग फी पण थोडी येईल, कदाचित नाहीही येणार," मी म्हटलं. बायकोने मागून शर्ट ओढला.

ऑपरेशन झालं, टाके निघाले. बोटांच्या व्यायामासाठी स्पंजचा चेंडू मिळाला. मी तो दाबायचो, पण दाबला जातो आहे की नाही हे मला कळायचं नाही. चेंडू काही सांगत नाही. मला एकच गोष्ट हवी होती. परत रुमालाखाली हात घालायचा होता. त्या दारातल्या भांडणानंतर मी रुमाल टाकला नव्हता. कोणी भावाला आलं की काही ना काही कारण काढून पुढे ढकलायचो. लोक म्हणायचे, म्हातारा आखडला. म्हणू द्या. पण बोलवणारे कमी व्हायला लागले होते आणि हात घालता येत नसेल तर मी नुसता काटेवाला.

पियानोची कल्पना माझ्या मुलीची. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. स्वभावाने माझ्यावर गेली आहे. बायको हे आम्हा दोघांनाही शिवी दिल्यासारखं ऐकवते. फोनवर मी चेंडूची तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तो पियानो आहे ना पडलेला? कॉम्प्युटरला जोडू. कुठलं बोट किती जोरात पडलं ते स्क्रीनवर आकड्यात दिसतं."

"आकड्यात?"

"तुझ्या काट्यासारखं."

मला तेवढं पुरलं.

ऑफिसात भंगारात आलेला एक कॉम्प्युटर होता. मागच्या सुट्टीत तिने त्यावर लिनक्स घातलं होतं. तेव्हाही वाद झाला होता. विंडोज का नको, तर चोरीचं वापरणार नाही म्हणाली आणि विकतचं घ्यायला मी तयार नव्हतो. "हे फुकट आहे," ती म्हणाली.

"फुकट कसं? देणाऱ्याचा फायदा काय?"

"ज्यांना येतं ते लिहितात. बाकीचे वापरतात."

"आणि लिहिणारे खातात काय?"

"बाबा, तुला हवं की नको?"

फुकट मालाबद्दल मला संशय असतो. पण कॉम्प्युटर चालत होता.

पियानोच्या मागे चौकोनी भोक आहे, त्यात प्रिंटरला लागते तशी वायर बसते. मेलेल्या प्रिंटरच्या तसल्या वायरी माझ्याकडे पोतंभर. एक काढली, एक टोक पियानोत खुपसलं, दुसरं कॉम्प्युटरला. मुलगी फोनवर होती. तिने काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगून काहीतरी लिहून घेतलं. जोडलेल्या वस्तूंची यादी आली. ती मी वाचून दाखवली. माउस होता, कीबोर्ड होता. पियानो नव्हता.

"वायर बदल."

बदलली. नव्हता.

"दुसऱ्या भोकात लाव."

लावली. नव्हता.

"पियानो चालू आहे ना?"

"लाल दिवा लागलाय. आंधळा नाही मी."

"मग तुझ्या त्या पोत्यातल्या सगळ्या वायरी मेलेल्या असतील."

"तुझं ते फुकटचं मेलेलं असेल."

तिने फोन ठेवला. मीही ठेवला असता, तिने आधी ठेवला एवढंच.

रविवारी ती स्वतः आली, नवी वायर घेऊन. तीही लागली नाही. मग तिने पियानो पुढे ओढला, मोबाइलचा दिवा लावून त्या भोकात बघितलं आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"बाबा, यात काय भरलंयस?"

"ग्रीस."

"का?"

"खारं लागू नये म्हणून. बॅटरीला लावत नाहीत का?"

"बॅटरीला आधी वायर लावतात की आधी ग्रीस?"

"आधी वायर घट्ट करायची, मग वरून..." मी थांबलो.

ती जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बायको डबा घेऊन आली होती. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "सगल्याला ग्रीस लावतान. जरा जिभेला पन लावा, नरम येल." त्या दोघी हसत होत्या. मीही हसायला हवं होतं. हसण्यासारखं आहे हे मला समजत होतं.

ग्रीस आणि त्यात अडकलेली धूळ काढायला दुपार गेली. कान कोरायच्या काड्या, टूथपिक, स्प्रे. मग वायर लावली, यादी काढली आणि तळाशी पियानो आला. मुलीने टाळी वाजवली. पट्टी दाबली तर मात्र आवाज नाही. पियानोचे स्वतःचे स्पीकर खाऱ्याने आधीच गेले होते. आवाज कॉम्प्युटरने काढायचा होता.

"तुला ऑडिओ ग्रुपमध्ये घ्यायला पाहिजे," ती म्हणाली.

"वर्गणी किती?"

"कॉम्प्युटरमधला ग्रुप, बाबा. त्यात नाव असलं तरच आवाजाच्या मशीनला हात लावता येतो."

तिने माझं नाव घातलं, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, पियानोचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर उघडलं, पियानोची ओळ आणि त्या सॉफ्टवेअरची ओळ एकमेकांना जोडली. मी पट्टी दाबली. आवाज आला, पण उशिरा. बोट उचललं की मग. पलीकडच्या डोंगरातून कोणी ओ द्यावी तसा.

ती म्हणाली की कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवतो आणि मग एकदम सोडतो, म्हणून उशीर. आता तुकडा एक हजार चोवीसचा आहे.

"अर्धं कर," मी म्हटलं.

तिने पाचशे बारा केलं. उशीर कमी झाला.

"अजून अर्धं."

दोनशे छप्पन्न. मग एकशे अठ्ठावीस. आता बोट पडलं की आवाज पडत होता.

"चौसष्ट कर."

"तुटेल."

"कर तर."

चौसष्टला पत्रा फाटल्यासारखा आवाज यायला लागला. तिने परत एकशे अठ्ठावीस केलं. "इथपर्यंतच देतं ते," ती म्हणाली. मला ते मशीन तेवढ्यापुरतं आवडलं. कुठे थांबायचं हे त्याला माहीत होतं.

मग तिने दुसरी खिडकी उघडली. पट्टी दाबली की त्यात एक ओळ येई: कुठली पट्टी आणि किती जोर. जोर एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. तिने माझी पाच बोटं शेजारशेजारच्या पाच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवली आणि एकेक दाबायला सांगितलं. अंगठा नव्वद. पहिलं बोट पंच्याऐंशी. मधलं ऐंशी. तिसरं अठरा. करंगळीची ओळ आलीच नाही.

"दाब," ती म्हणाली.

"दाबलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. रिकाम्या काट्यावर शून्य असतं तसं ते होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं.

ती गेल्यावर मी रोज बसायला लागलो. सकाळी गाड्या निघाल्यावर एकदा, जेवणानंतर एकदा. बाहेर गॅस कटर चाललेला, हातोडे चाललेले, आत मी पाच पट्ट्यांवर. गाणं वगैरे काही नाही. मला संगीतातलं काही कळत नाही आणि शिकायचं नव्हतं. आकडा बघायचो. तिसरं बोट अठराचं पंचवीस झालं, मग तीस. करंगळीची ओळ यायला लागली, कधी आठ, कधी बारा. बोटाला काही कळायचं नाही. स्क्रीन सांगायची म्हणून मला कळायचं.

बोटांचे आकडे थोडे वर गेल्यावर मुलीने फोनवर पुढचा व्यायाम दिला. तीन बोटं एकदम: पहिलं, मधलं, तिसरं. करंगळी वर धरायची. मी पट्ट्यांवर हात ठेवला, तीन बोटं टेकवली आणि स्क्रीनकडे बघितलं.

चार ओळी आल्या होत्या.

परत दाबलं. चार. हळू दाबलं, जोरात दाबलं. चार. मी तिला फोन लावला.

"तुझा कॉम्प्युटर जास्तीचं दाखवतो. तीन दाबली की चार मोजतो."

"चौथीचा आकडा किती?"

"अकरा."

"बाबा, करंगळीकडे बघ."

"बघतोय. ती कुठे दाबली मी? वर धरलीय."

"वर आहे?"

मी नीट बघितलं. करंगळी पट्टीवर होती. वर धरली आहे असं मला वाटत होतं, पण ती तिसऱ्या बोटाबरोबर खाली आली होती आणि पट्टीवर टेकली होती. आवाज एवढा बारीक की बाहेरच्या गोंगाटात ऐकू येत नव्हता.

"रबर लाव तिला," मुलगी म्हणाली. "दुमडून तळहाताशी बांध आणि मग दाब."

कोथिंबिरीच्या जुडीचं रबर टेबलावर होतं. बांधलं. तीन ओळी. रबर काढलं. चार ओळी.

"बघ, ते खोटं बोलत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "काय झालं? बोल ना."

"काही नाही."

"आवाज असा का येतोय?"

"लाइन खराब आहे."

रुमालावरून झालेल्या भांडणाचं तिला काहीच माहीत नव्हतं. मी फोन ठेवला आणि हात पट्ट्यांवरच राहू दिला. पहिलं, मधलं, तिसरं. त्याच्या दारात मी नेमकी हीच तीन बोटं टेकवली होती, याच जोराने. त्याच्या हातात चार गेली असतील. त्याने चार परत दिली, त्यातलं चौथं माझ्या तळहाताच्या करंगळीकडच्या मेलेल्या बाजूला पडलं, मला तीन लागली. हिशेब लागत होता.

चहा आला तो प्यायलो. खिडकीतून ती भांडी दिसत होती. मला वाटलं होतं की असं काही कळल्यावर माणसाला घाम फुटतो, किंवा रडू येतं. तसलं काही झालं नाही. एक गाडी काट्यावर आली, मी तिचं वजन केलं.

मी त्याला फोन केला नाही. का करावा? माझं बोट खाली आलं असेल. पण मी रुमालाखाली हात घालायला लागल्यापासून तो मला ओळखतो. त्या मालाला मी चार देणार नाही हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. एकदा विचारायचं होतं. अरे, खरंच चार? एवढंच. रुमालाखाली बोलत नाहीत हे मला कोणी शिकवू नये. एकदा विचारायचं होतं.

पुढे रबर बांधूनच व्यायाम करू लागलो. तिसरं बोट एकटं मजबूत झालं पाहिजे, करंगळीचं नंतर बघू, असं मुलीने सांगितलं होतं. तिसऱ्याचा आकडा पन्नासवर गेला. पण टाचणी टोचली तरी त्याला कळत नव्हतं. मी ते रोज करून बघायचो. दाबता येत होतं, लागत नव्हतं. म्हणजे भाव सांगता येईल, समोरच्याचा ऐकता येणार नाही. अर्धा हात परत आला होता आणि अर्ध्या हाताने रुमाल चालत नाही.

एका दुपारी मी असाच पट्ट्यांवर बसलो होतो तेव्हा दारात सावली पडली. तोच होता. बरोबर आमच्या बाजारातले दोन व्यापारी. वापीच्या कोणाला तरी तीच स्टीलची भांडी हवी होती आणि आमच्या सगळ्या भागात ती फक्त माझ्याकडे होती.

तो पियानोकडे बघत उभा राहिला. "आता काय, वरातीत वाजवायला जातोस काय?"

इतक्या काळानंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"तुझ्या मुलाच्या वरातीत," मी म्हटलं.

"त्याचा लगीन झाला. तुला बोलावला नाय."

"बोलावलं असतंस तरी कोण येणार होतं?"

बरोबरचे दोघे दाराबाहेर बघायला लागले. तो खुर्ची ओढून बसला. "भांडी काढतोस काय?"

नाही म्हणायचं होतं. पण त्याने बोलता बोलता खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला, माझा हात आपोआप गेला. इतक्या वर्षांची सवय. शिवाय ते दोघे बघत होते. आता हात मागे घेतला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं असतं.

रुमाल पडला. विकणारा मी, म्हणून आधी भाव माझा. ज्या भावाने उचलला त्याखाली द्यायचा नव्हता. मी चार बोटं टेकवली.

त्याचा हात हलला नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग रुमालाखाली त्याची बोटं माझ्या हातावरून चाचपत गेली. अंगठ्याच्या बाजूला ती लागली, मग पुढे कुठे गेली ते मला कळलं नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा काय बांधलास?" तो हळू म्हणाला.

मला समजेना. मग समजलं. व्यायामाचं रबर मी काढलंच नव्हतं. ते बोटावर आहे हे बोटाने मला सांगितलं नव्हतं.

"तीन बोललास तू," तो म्हणाला, त्या दोघांना ऐकू जाणार नाही असं. "खरंच तीन?"

तीन घेऊन तो रुमाल काढू शकला असता. भाव फिरला नसता.

"चार," मी तोंडाने म्हटलं.

रुमाल तसाच होता. आमच्या दोघांचे हात त्याखाली.

"कुठपर्यंत गेलाय?"

"करंगळी. शेजारचं. आणि तळव्याची ती बाजू."

"कवापासून?"

मी अंगणातल्या भांड्यांकडे बघितलं. तोही दारातून त्यांच्याकडे बघत राहिला. गिऱ्हाईक माल पारखतं तसा बघत नव्हता.

मग त्याचा हात सरकला. माझ्या तळहाताच्या अंगठ्याकडच्या बाजूला त्याने पहिलं बोट टेकवलं, थांबला. दुसरं टेकवलं, थांबला. तिसरं. तिन्ही लागली. मग त्याने आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला. साडेतीन.

माझा अंगठा चांगला आहे, नव्वदचा. मी तो परत दाबला. त्याने रुमाल काढला, घडी केली, खांद्यावर टाकला.

"तेव्हा विचारलं असतंस तर," मी म्हटलं.

"तू बोलू दिलास काय?"

बाहेर जाऊन त्याने क्रेन कोणत्या बाजूने लावायची ते त्या दोघांना दाखवलं. टेम्पो उद्या पाठवतो म्हणाला. चहा विचारला तर नको म्हणाला. मीही पुन्हा विचारलं नाही. दारापर्यंत जाऊन तो मागे वळला.

"रबर काढ आधी. बोट काळा पडलाय."

तो गेला. मी हात वर करून बघितला. करंगळी जांभळी काळी झाली होती, रबर कातडीत रुतलं होतं. कात्री घेऊन कापलं. बोट सरळ केलं आणि पियानोच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवलं, म्हणजे नीट दिसेल. आधी रबराची रेघ पांढरी होती, मग तिच्या कडेने लाल यायला लागलं, मग नखापर्यंत. मी बसून बघत राहिलो. रंग परत येत होता. बोटाला त्यातलं काही कळत नव्हतं.